वाळत चाललेला शाळू: दाण्याची वाट बघायची, की वैरण कापायची?

हस्ताचा पाऊस हुकला आणि चित्रा-स्वातीही कोरड्या गेल्या, की बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडी, हुक्केरीच्या जिरायत रानात डिसेंबर उजाडता उजाडता शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पानं दुपारी सुरळी करू लागतात. पीक मेलेलं नसतं आणि धड जगतही नसतं. अशा वेळी बहुतेक जण 'आठ दिवस बघू' म्हणतात. मग आणखी आठ दिवस जातात, आणि शेवटी हाती एकरी क्विंटलभर बारीक दाणा आणि पानं झडलेली चिपाडं येतात. दाणा गेला त्याचं एवढं वाईट नाही. वैरणही गेली, हा खरा तोटा.

कापायचं की थांबायचं, या निर्णयाला एक ठरावीक मुदत असते. शाळू पोटरीत आल्यापासून (कणीस वरच्या पानाच्या देठात फुगल्यापासून) फुलोरा संपून दहा-बारा दिवस होईपर्यंत तुमच्या हातात दोन्ही वाटा असतात. त्याआधी कापलं तर वजन भरत नाही आणि विषबाधेची भीती जास्त. त्यानंतर कापलं तर पानं वाळलेली, धाट लाकडासारखं. म्हणून या चार-पाच आठवड्यांत रानात उतरून मोजमाप करायचं आणि निर्णय घ्यायचा. पहिल्यांदाच शाळू केलेल्यांसाठी ती मोजमापं इथे क्रमाने दिली आहेत.

पहिलं काम: पीक कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा

पेरणीची तारीख आठवा, पण तेवढ्यावर विसंबू नका, पाण्याच्या ताणात अवस्था पुढेमागे होतात. सर्वसाधारण वेळापत्रक असं: २८ ते ३० दिवसांनी कणसाचा गर्भ धरतो, ५० ते ५५ दिवसांनी पोटरी, ७० ते ७५ दिवसांनी फुलोरा, ९० ते ९५ दिवसांत दाणा भरण्याचा जोर आणि मालदांडीसारखा वाण असेल तर सुमारे १२० दिवसांनी काढणी.

रानाच्या चार-पाच ठिकाणची, बांधापासून आत दहा-बारा पावलांवरची ताटं (झाडं) घ्या आणि विळ्याने उभी चिरा. कणीस वरच्या पानाच्या देठात फुगलेलं दिसलं तर पोटरी. बाहेर पडून पिवळे केसर लोंबत असतील तर फुलोरा. केसर वाळून गेले असतील तर कणसाच्या मधल्या भागातली बोंडं नखाने दाबा. दुधासारखा चीक आला तर दाणा धरला आहे, नुसती फोलपटं चुरडली गेली तर ते कणीस वांझ आहे.

आणखी एक खूण नवख्यांच्या नजरेतून सुटते. पाणी कमी पडलं की कणीस पूर्ण बाहेर येत नाही, खालचा अर्धा भाग पानाच्या देठातच अडकून राहतो. अडकलेल्या भागात दाणा नीट भरत नाही आणि तिथे बुरशीही लवकर येते. मोजलेल्या ताटांपैकी निम्म्याहून जास्त ताटांचं असं झालं असेल, तर पुढची मोजमापं फक्त खात्रीसाठी करायची. ते रान वैरणीचंच आहे.

दुसरं काम: खाली ओल किती, ते खणून पाहा

पानांकडे बघून ओल कळत नाही. शाळूची मुळं भारी जमिनीत चार-पाच फूट खोल जातात. वर भेगा पडलेल्या असतात आणि खाली पीक अजून पाणी ओढत असतं. गिरमिट असेल तर उत्तम, नसेल तर पहार आणि खोरं घेऊन रानात तीन ठिकाणी अडीच-तीन फूट खणा. दर फुटावरची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा होऊन तो तळव्यावर नाचवला तरी फुटला नाही, तर त्या फुटात ओल आहे. गोळा झाला पण लगेच भुगा झाला, तर तिथलं पाणी पिकाला मिळण्याजोगं राहिलेलं नाही.

हिशेब असा: भारी काळ्या जमिनीचा एक फूट थर पूर्ण ओला असेल तर पिकाला साधारण ४० ते ५० मिमी पाणी देऊ शकतो. फुलोऱ्यातला शाळू थंडीच्या दिवसांत रोज ४ मिमीच्या आसपास पाणी वापरतो. म्हणजे ओला असलेला दर फूट दहा-बारा दिवसांची शिदोरी. फुलोऱ्यापासून दाणा पक्व व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात, आणि शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत पाण्याची गरज बरीच कमी होते. म्हणून फुलोऱ्यात खाली निदान दीड-दोन फूट खरी ओल असेल, तर दाण्याची आशा धरायला हरकत नाही. मुरमाड किंवा हलक्या जमिनीत हीच शिदोरी निम्म्याहून कमी असते. खाली मुरूम लागला की ओल संपली असं समजा.

याच्या जोडीला एक सोपी परीक्षा. सूर्य उगवताना रानात जा. दुपारी सुरळी झालेली पानं रात्रीत उलगडून सकाळी सपाट झाली असतील, तर मुळांना अजून पाणी मिळतंय. पहाटेही सुरळी तशीच असेल आणि सलग तीन-चार दिवस असंच दिसत असेल, तर पाणी किंवा पाऊस मिळाल्याशिवाय ते पीक दाणा भरू शकणार नाही. वरची तीन-चार पानं हिरवी आहेत का हेही पाहा. दाण्यातला बहुतेक माल तीच पानं पुरवतात. खालची पानं वाळली म्हणून घाबरू नका, ताणात ती आधी जातातच.

तिसरं काम: दाणा किती येईल ते मोजा

आपल्याकडे दोन ओळींत दीड फूट म्हणजे ४५ सेंमी अंतर ठेवायची रीत आहे. त्या अंतराने २.२ मीटर ओळ म्हणजे एक चौरस मीटर रान. २.२ मीटरची काठी कापून ठेवा आणि रानात पाच ठिकाणी टाका: चांगलं पीक, वाईट पीक, मधलं, सगळ्यांत. फक्त चांगलं बघून हिशेब केला की तो हमखास चुकतो.

प्रत्येक ठिकाणी दाणा धरलेली कणसं मोजा. तिथली तीन सरासरी कणसं घेऊन दाणे मोजा. पूर्ण कणीस मोजायला वेळ लागतो, म्हणून एका कणसाच्या चार समान फांद्यांचे दाणे मोजून फांद्यांच्या संख्येने हिशेब केला तरी चालतो. भरलेल्या मालदांडीचे हजार दाणे ३० ते ३५ ग्रॅम भरतात. ताणातल्या पिकासाठी २० ते २५ धरा, त्यापेक्षा जास्त नको.

कणसं × प्रत्येकी दाणे × हजार दाण्यांचं वजन ÷ १००० केलं की चौरस मीटरला किती ग्रॅम दाणा येईल ते कळतं. त्याला ४ ने गुणा, एकरी किलो आले. समजा नऊ कणसं, प्रत्येकी ३०० दाणे, हजाराचं वजन २२ ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५९ ग्रॅम, एकरी २३५ किलोच्या आसपास. पाखरं आणि मळणीतली गळ यांपोटी १५ टक्के वजा केले की एकरी दोन क्विंटल. आजूबाजूला दुसऱ्या कुणाचा शाळू उभा नसेल आणि तुमचंच रान एकटं पडलं असेल, तर पाखरांपोटी आणखी वजा करा. सगळी पाखरं मग तुमच्याकडेच येतात.

चौथं काम: वैरण किती, तेही मोजा

याच पाच ठिकाणांपैकी तीन ठिकाणची २.२ मीटर ओळ कापा आणि ताज्या वजनाचा काटा करा. ग्रॅम गुणिले ४, एकरी किलो हिरवी वैरण. चौरस मीटरला १,१०० ग्रॅम भरलं तर एकरी ४.४ टन हिरवं. फुलोऱ्यातल्या ताणलेल्या शाळूत साधारण ३० टक्के सुका भाग धरला तर १.३ टन सुका माल, म्हणजे वाळवल्यावर सुमारे १.४५ टन कडबा.

पुढचे ३५ ते ४० दिवस हेच पीक उभं ठेवलं तर पानं झडून, धाटातला रस दाण्यात जाऊन वजन घटतं. शिवाय कस जातो. फुलोऱ्यात कापलेल्या वैरणीत प्रथिनं ६ ते ८ टक्क्यांच्या घरात असतात, दाणा पक्व झाल्यावरच्या कडब्यात ३ ते ४. दुभत्या जनावराला हा फरक दुधात दिसतो.

आता पैशाचा हिशेब. बी, खत, पेरणी, कोळपणी यांचा झालेला खर्च यात अजिबात धरू नका. तो दोन्ही वाटांनी गेलेलाच आहे, आणि 'एवढा खर्च केलाय तर दाणा तरी घेऊ' या विचाराने चुकीचे निर्णय होतात. पुढे काय मिळेल आणि पुढे काय खर्च होईल, एवढंच लिहा.

वरच्याच रानाचा उदाहरणापुरता हिशेब, दर तुमच्या बाजाराचे टाका. दोन क्विंटल दाणा ३,५०० रुपये क्विंटलने ७,००० रुपये. राखण, कणसं मोडणी, मळणीचा जास्तीचा खर्च ३,००० रुपये. उरले ४,०००. दुसऱ्या बाजूला, थांबल्यामुळे कडब्यात सुमारे ४०० किलोची घट. कडबा किलोला ५ रुपये असेल तर तोटा २,००० चा, १० रुपये असेल तर ४,००० चा. म्हणजे कडबा १० रुपयांचा असेल तर एकरी दोन क्विंटलच्या आसपास तराजू समपातळीवर येतो. त्याखाली अंदाज आला तर कापणं बरं. तीन-चार क्विंटलचा अंदाज आणि खाली ओल असेल तर थांबणं बरं. घरच्या भाकरीची ज्वारी विकत घ्यावी लागत असेल तर दाण्याला घाऊक दर लावू नका, किरकोळ दुकानातला दर लावा.

कडब्याचा दर मात्र कुठल्या महिन्याचा धरायचा यात इथे मोठी फसगत होते. चिकोडी-निपाणी-रायबाग भागात साखर कारखाने चालू असेपर्यंत उसाचं वाढं (हिरवे शेंडे) मुबलक मिळतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत वैरणीला भाव नसल्यासारखं वाटतं. गळीत संपलं, वाढं बंद झालं की मार्चअखेरपासून जूनपर्यंत खरी टंचाई. जनावरं घरची असतील तर कडबा मे महिन्याच्या दराने मोजा. वाढ्यावरच सगळा उन्हाळा काढू असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि नुसत्या वाढ्यावर राहिलेल्या जनावरांच्या अंगातला चुना कमी होतो. कडबा हवाच.

अवस्थेनुसार कौल

पोटरीच्या आधी, ४५-५० दिवसांच्या आतलं पीक सुकत असेल तर सहसा कापू नका. कोळपणी करून भेगा बुजवा आणि थांबा. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने करायची पद्धत मुळात भेगा बुजवण्यासाठीच आहे. विहिरीत एखाद्या पाण्यापुरतं पाणी असेल तर ते पोटरीत, ५० ते ५५ दिवसांच्या टप्प्यावर द्या. एकच पाणी असेल तर सर्वांत मोठा फायदा तिथेच होतो. सगळ्या रानाला पुरत नसेल तर निम्म्या रानाला नीट द्या आणि उरलेलं निम्मं वैरणीला काढा. थोडं थोडं सगळीकडे शिंपडून काहीच साधत नाही.

मधली वाटही आहे. दर तिसरी ओळ वैरणीसाठी काढून टाका, उरलेल्या दोन ओळींना तेवढी ओल जास्त मिळते. मध्यम जमिनीत, पोटरीच्या सुमाराला हा उपाय चांगला लागू पडतो. फुलोऱ्यानंतर केला तर उपयोग नाही, तोवर ओल संपलेली असते. २ टक्के पोटॅशियम नायट्रेटची फवारणीही ताण सोसायला मदत करते. पण ज्या रानाची वैरण कापायचा विचार चालू आहे तिथे ती करू नका, कारण पुढे नायट्रेटच्या भागात येईल.

फुलोऱ्यात असलेलं पीक ओल, अडकलेली कणसं आणि पहाटेची पानं या तिन्हींत नापास झालं, तर लगेच कापा. दाणा चिकात आला असेल आणि ओल फूटभर असेल तर खरा प्रश्न पडतो. तिथे वरचा पैशाचा हिशेब करा. दाणा हुरड्यात आला असेल तर थांबा, आता निम्म्याहून जास्त मजल झालेली आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीत गिऱ्हाईक असेल तर हुरड्यासाठी कणसं खुडून विकणं आणि उरलेल्या हिरव्या धाटांचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) करणं, हा थोड्या रानासाठी फार चांगला सौदा आहे. दहा-पंधरा एकरांसाठी नाही, तेवढा हुरडा खपत नाही.

दोन रोग-किडी हा कौल बदलतात. एक, चिकटा. माव्याच्या चिकट्याने पानं चकाकू लागली आणि त्यावर काजळी धरू लागली, की जनावरं ती वैरण सोडतात. वैरणीचा विचार असेल तर काजळी येण्याआधी कापा. दुसरा, खडखड्या. दाणा भरताना पाणी तुटलं की जमिनीतली बुरशी धाटात शिरते, खालची एक-दोन पेरं आतून पोकळ होतात आणि ताट आडवं पडतं. रानातून चालताना पायाने ताटं हलकेच ढकलून पाहा. शंभरातली दहा-पंधरा मोडू लागली तर धाट चिरा. आत धागे सुटलेले आणि त्यावर कोळशाच्या भुकटीसारखे काळे कण दिसले तर खडखड्याच. मग दाणा चार दिवस कच्चा असला तरी काढून घ्या. पडलेल्या पिकाला मजूर दुप्पट लागतात आणि कडबा मातीत जातो.

कापण्याआधी: किराळ आणि नायट्रेट

ताणातल्या ज्वारीत दोन वेगवेगळी विषं असतात. ती ओळखायची आणि घालवायची रीतही वेगवेगळी आहे. दोन्ही एकच समजणं ही नवख्यांची सर्वांत महाग पडणारी चूक.

पहिलं, किराळ लागणं. कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असतं, ते चावलं-चुरडलं गेलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. गुडघ्याएवढं, दोन फुटांच्या आतलं पीक, पोंगेमर होऊन (मधला पोंगा वाळून) फुटलेले फुटवे, आणि कापलेल्या रानात पावसानंतर आलेली कोवळी फूट यांत ते सर्वांत जास्त असतं. ताण बसला की आणखी वाढतं. फुलोऱ्यानंतर बरंच कमी होतं. उन्हात नीट वाळवलं की हे विष उडून जातं, मुरघासातही घटतं. म्हणून ताणातली ज्वारी हिरवी कापून थेट दावणीत टाकायची नाही.

किराळ लागलेलं जनावर खाल्ल्यापासून पंधरा-वीस मिनिटांतही खाली बसू शकतं. जोराचा श्वास, तोंडाला फेस, झोकांड्या, मग झटके. डोळ्याच्या आतली आणि हिरड्यांची त्वचा लालभडक दिसते.

दुसरं, नायट्रेट. युरिया दिला आणि नंतर पाऊस आला नाही, किंवा रान गोठ्याजवळचं, भरपूर शेणखताचं असेल, तर पीक नत्र ओढतं पण पाण्याअभावी ते वापरत नाही. हा साठा धाटाच्या खालच्या भागात असतो, पानांत कमी, दाण्यात जवळजवळ नसतो. आणि वाळवल्याने तो जात नाही. कडबा वर्षभर गंजीत ठेवला तरी नायट्रेट तेवढंच राहतं. मुरघासात मात्र बऱ्याच अंशी, अनेकदा निम्म्याच्या आसपास, घटतं. नायट्रेटने बाधलेल्या जनावराची हीच आतली त्वचा निळसर-तपकिरी आणि रक्त चॉकलेटी होतं, गाभण जनावर गाभडतं.

रक्ताचा आणि या त्वचेचा रंग लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना आधी तोच सांगा. किराळीवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, नायट्रेटवर मिथिलीन ब्ल्यू. किराळीचं सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या जनावराला दिलं तर हानी वाढते. जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. बसलेल्या जनावराला गूळपाणी, ताक नाळीने पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

आता कापणीचे नियम. आपल्याकडे शाळू मुळासकट उपटायची रीत आहे. ताणाच्या वर्षी वैरणीसाठी तो उपटू नका, जमिनीपासून १५ ते २० सेंमी वर विळ्याने कापा. सर्वांत जास्त नायट्रेटचा भाग रानातच राहतो, आणि मातीही कमी येते. मध्येच पाऊस पडला तर लगेच कापू नका. पाऊस पडताच मुळं एकदम नत्र ओढतात, त्यामुळे निदान आठवडाभर थांबा. युरिया भरपूर दिलेल्या रानाचा नमुना तपासून घ्या. मट्टीकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना कुठे द्यायचा ते सांगतात. सुक्या वजनावर नायट्रेट अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर निर्धास्त, एक टक्क्यावर गेलं तर दुसऱ्या वैरणीत निम्म्याहून कमी मिसळून, गाभण जनावरं वगळून.

वाळवून कडबा करायचा असेल तर

कापलेली ताटं ओळीने पसरा, दोन-तीन दिवसांनी उलटा. पानं लवकर वाळतात, धाट उशिरा. शाळूचं जाड धाट थंडीत वाळायला आठ-दहा दिवस लागतात. खालचं पेर पिळून पाहा. ओलसर लागलं तर पेंढी बांधू नका, आत बुरशी येते. पेंढ्या सकाळी दंव असताना बांधा. दुपारी बांधल्या की पानांचा चुरा रानातच पडतो, आणि ताणातल्या पिकात कस पानांतच जास्त असतो. गंजीखाली दगड किंवा लाकडं टाका, नाहीतर वाळवी खालचे दोन थर खाते.

बेलरने गाठी करून घेण्याचा विचार असेल तर लक्षात ठेवा, की इथली बहुतेक यंत्रं उसाचं पाचट किंवा सोयाबीन-गव्हाच्या काडासाठी असतात. अख्खं जाड धाट त्यांत नीट दबत नाही आणि न वाळलेलं धाट गाठीच्या आत तापतं. शाळूला पेंढी किंवा कुट्टीच (बारीक तुकडे) बरी.

मुरघास करायचा असेल तर

कुट्टी १ ते २ सेंमी, ओलावा ६५ ते ७० टक्के. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. गोळा राहिला आणि हाताला ओल लागली पण रस टपकला नाही, तर बरोबर. रस टपकला तर अर्धा दिवस सुकू द्या. गोळा लगेच सुटला तर माल कोरडा आहे, दाबला जात नाही आणि आत हवा राहून बुरशी येते. ५५ टक्के ओलाव्याचा एक टन माल ६५ वर आणायला सुमारे २८५ लिटर पाणी लागतं. एवढं पाणी घालायची वेळ आली असेल तर मुरघासाचा नाद सोडून वाळवा.

खड्डा १० × ५ × ५ फुटांचा असेल तर चार टनांच्या आसपास माल बसतो, म्हणजे वरच्या हिशेबातलं जवळजवळ एक एकर. अर्ध्या फुटाचा थर टाका, तुडवा, मग पुढचा. शक्यतो एका दिवसात भरून, प्लॅस्टिकने झाकून, वर मातीचा भार द्या. पिशव्या वापरत असाल तर हवा काढून तोंड बांधा आणि उंदरांपासून जपा. एका भोकाने अख्खी पिशवी नासते. ताणातल्या मालात युरिया मिसळू नका, त्यात नत्र आधीच जास्त आहे.

भरल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे खड्ड्यात वाकू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. नायट्रेट जास्त असलेल्या मालातून पिवळसर-तांबूस, ब्लीचिंगसारख्या वासाचा विषारी वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात साचून राहतो. ४५ दिवसांनी उघडा. पहिले दोन दिवस जनावराला त्याच्या वैरणीच्या चौथा हिस्सा, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. उपाशी जनावराला आधी सुका कडबा, मग मुरघास.

विमा, तलाठी आणि सीमेपलीकडची विक्री

पंतप्रधान पीक विम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी ७२ तासांत वैयक्तिक कळवायचं असतं. पावसाअभावी झालेल्या घटीचा हिशेब मात्र अधिसूचित घटकाच्या, म्हणजे मुख्य पिकांना बहुधा ग्रामपंचायतीच्या, पीक कापणी प्रयोगांवरून ठरतो. प्रयोगासाठी तुमचा सर्व्हे नंबर निवडला गेला आहे का ते कापण्याआधी तलाठ्यांकडे किंवा रयत संपर्क केंद्रात विचारा. निवडला असेल तर प्रयोग होईपर्यंत ते रान उभं ठेवा. पीक पाहणीत तुमच्या उताऱ्यावर ज्वारीच लागली आहे ना, तेही बघा. तारीख आणि ठिकाण दिसेल असे उभ्या पिकाचे फोटो काढून ठेवा, कापल्यावर पुरावा राहत नाही.

वैरण महाराष्ट्रात जत, मिरज, गडहिंग्लज, कागलकडे विकायची असेल तर सौदा करण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा. टंचाईच्या वर्षी जिल्ह्याबाहेर किंवा राज्याबाहेर चारा नेण्यावर बंदीचे आदेश निघू शकतात, आणि भरलेला ट्रॅक्टर नाक्यावर अडला की भाडं तुमच्या अंगावर बसतं.

कापलेल्या रानाचं काय

बुडखे राहिलेल्या रानात अवकाळी पाऊस पडला की आठवड्याभरात हिरवी फूट येते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती बघून गुरं सोडायचा मोह होतो. ती फूट दोन फुटांवर जाईपर्यंत त्या रानात गुरं, शेळ्या-मेंढ्या सोडू नका, आणि मेंढपाळ तळ टाकायला आले तर त्यांनाही तसं सांगा. ओल आली असेल तर नांगर घाला. नसेल तर रानाच्या वाटेला काटे टाका.